वाकडी मान दीड महिन्यातच दिसते, बघणारं कुणीतरी हवं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ऑपरेशन करून वाकडी मान सरळ केली अशी बातमी अधूनमधून सगळ्याच पेपरांत येते, आधीचा फोटो, नंतरचा फोटो, शेजारी हसणारे डॉक्टर, आणि मग आठवडाभर माझ्या फोनला उसंत नसते. मी तालुक्याच्या गावी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. पालक विचारतात, मॅडम आमच्याही बाळाचं ऑपरेशन करायचं का, आणि बाळ असतं दोन महिन्यांचं! बातमीत जे येत नाही ते लिहावं म्हणून हे पत्र.

जन्मजात वाकड्या मानेत सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार स्नायूचा. कानामागच्या हाडापासून खाली छातीच्या हाडाला आणि कॉलर बोनला येऊन मिळणारा एक जाड स्नायू असतो, तो एका बाजूचा आखूड आणि कडक होतो. उजवा आखडला की डोकं उजव्या खांद्याकडे कलतं आणि हनुवटी डावीकडे वळते. पायाळू बाळं, अडलेलं बाळंतपण, पहिलटकरणींची बाळं यांच्यात हे जास्त दिसतं, पण दरवेळी कारण सापडतंच असं नाही, तेव्हा सुनेने ग्रहणात काय चिरलं याची चौकशी आता बंद करा ही हात जोडून विनंती.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात पुष्कळ बाळांच्या मानेत बोराएवढी टणक गाठ लागते. घरचे घाबरतात, मालिशवाली म्हणते मी चोळून जिरवते, आणि चार-सहा महिन्यांत ती गाठ खरंच विरते, कारण ती तशीही विरणारच असते, पण श्रेय मालिशवालीला. स्नायू मात्र तसाच आखडलेला राहतो. मग आजी म्हणते मान धरली की सरळ होईल, कुणी मोहरीची उशी देतं, आणि बघता बघता वर्ष जातं. तोवर डोकं एका बाजूने चपटं झालेलं असतं आणि चेहऱ्याचे दोन भाग सारखे दिसेनासे होतात.

याच पहिल्या काही महिन्यांत शिकवून दिलेला ताण रोज दिला (उजवा स्नायू आखडला असेल तर डोकं हळूच डावीकडे कलवायचं आणि हनुवटी उजवीकडे न्यायची, दुपटं बदलताना दरवेळी, झटका अजिबात नाही), बाळाला जागेपणी पालथं घातलं, पाळणा असा फिरवला की आईकडे बघायला त्याला नको त्या बाजूलाच वळावं लागेल, तर दहातल्या नऊ बाळांना ब्लेड लागत नाही. हे घरी होणारं काम आहे, फक्त एकदा नीट शिकून घ्यावं लागतं, यूट्यूब बघून करू नका, का ते खाली लिहिते.

ऑपरेशनला माझा विरोध नाही, उलट ज्यांना लागतं त्यांनी घाबरून लांबवू नये. वर्ष-दीड वर्ष नीट व्यायाम करूनही मान वळत नसेल तर सर्जन कॉलर बोनच्या वर छोटा छेद घेऊन स्नायूची खालची दोन्ही टोकं सोडवतात, जास्त आखडला असेल तर कानामागूनही. शाळेत जायच्या आधी झालं तर चेहराही पुढे बराच सुधारतो. उशिरा केलं तरी मान वळायला लागते पण चेहऱ्यातला फरक काही प्रमाणात राहतो. माझ्याकडे मुली येतात त्या स्थळं बघायला सुरुवात झाल्यावर, तोपर्यंत फोटो काढताना ओढणी कशी घ्यायची हे त्यांना पाठ झालेलं असतं, आणि हे बघून खरंच चीड येते.

आणि ऑपरेशननंतरचे महिने? टाके निघाले की लोकांना वाटतं झालं. मोठ्या मुलामुलींना इतकी वर्षं कललेलं डोकंच सरळ वाटत आलेलं असतं, त्यामुळे मान सरळ केली की त्या म्हणतात मॅडम वाकडी वाटतेय. मग आरशावर मधोमध उभी चिकटपट्टी लावायची, नाक त्या पट्टीवर आणायचं, डोळे मिटायचे, उघडायचे, परत बघायचं. तीन-चार महिने हे, जोडीला ताण आणि काहींना कॉलर. हे सोडलं तर व्रण आखडतो आणि मान परत ओढली जाते.

सगळ्या वाकड्या माना स्नायूच्या नसतात हेही सांगते. मान आखूड, मागचे केस खूप खालपर्यंत, आणि कुठल्याच बाजूला नीट वळत नाही, तिथे मणके जन्मतः जोडलेले असू शकतात, अशा मानेला ताण देणं धोक्याचं. काही मुलं डोळ्याच्या स्नायूच्या दोषामुळे मान कलती धरतात, तिथे मानेचं ऑपरेशन करून उपयोग शून्य. म्हणून आधी डॉक्टर. ते खुबेही तपासतील, कारण या बाळांमध्ये खुब्याचा दोष जोडीने असू शकतो.

आता मुद्द्याचं. आशाताई बाळाच्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जातात. नवजात बाळाची घरीच काळजी घेता येते हे गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च'ने दाखवलं, त्याचं हे देशभर पसरलेलं रूप, आणि गाठ लागते ती नेमकी याच दिवसांत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, त्यात मुलांमध्ये जे दोष शोधायचे त्यांच्या मूळ यादीत जन्मजात व्यंगं नऊ, वाकडे पाय आहेत, फाटलेला ओठ आहे, खुबा आहे, वाकडी मान नाही. ती घाला आणि आशाताईंच्या फॉर्मात एक रकाना वाढवा. कामाचा बोजा त्यांच्यावर आधीच आहे आणि मोबदला वेळेवर मिळत नाही हे मला माहितीय, तोही द्या.

यादी बदलेपर्यंत दीड महिन्याच्या डोसला बाळ येतं तेव्हा सिस्टरनी एवढं करावं: बाळाला उताणं ठेवून तोंड हलकेच दोन्ही खांद्यांकडे वळवून बघायचं, दोन्ही बाजूंना सारखं वळतं का, मानेवरून बोट फिरवताना काही टणक लागतं का. फरक वाटला तर त्याच दिवशी चिठ्ठी देऊन बालरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, सोलापूर जिल्हा