युनियन पॅसिफिकची रॉयल्टी कधीच बंद झालीय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला मॉडेल ट्रेनच्या छंदावरचा लेख आवडला, आपल्याकडे या विषयावर लिहितंय कोण, पण एक वाक्य खटकलं म्हणून हे पत्र. अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेच्या लोगोसाठी मॉडेल कंपन्यांना रॉयल्टी भरावी लागते आणि म्हणून ती इंजिनं महाग, असं त्यात आहे. अहो, ती रॉयल्टी नोव्हेंबर २००६ मध्येच बंद झाली!

मुळात हे प्रकरण सुरू झालं तेच विचित्र. आधी कितीतरी वर्षं तिकडच्या रेल्वे कंपन्या मॉडेलवाल्यांना इंजिनांची ड्रॉइंग आणि फोटो हौसेने द्यायच्या, कारण पोराच्या हातात आपल्या नावाची गाडी म्हणजे फुकटची जाहिरात. मग २००० नंतर युनियन पॅसिफिकच्या ओमाहाच्या हेडऑफिसात कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपला लोगो लावून लोक पैसे कमावतायत तर आपला वाटा कुठाय. लायसन्स घ्या, रॉयल्टी भरा. आणि २००४ मध्ये अ‍ॅथर्न आणि लायोनेल या दोन नावाजलेल्या मॉडेल कंपन्यांवर थेट कोर्टात केस.

कंपनीचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं हेही सांगतो, ट्रेडमार्क वापरला नाही, जपला नाही तर हक्क जातो, तिकडच्या कायद्यात सलग ३ वर्षं वापर नसेल तर तो सोडून दिला असं धरतात. पण मग सदर्न पॅसिफिक, मिसूरी पॅसिफिक, वेस्टर्न पॅसिफिक, शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न, ज्या लाइन यांनी १९८२ ते १९९६ मध्ये गिळून टाकल्या, त्यांच्या जुन्या नावांवरही पैसे मागायचे? घर विकत घेतलं म्हणून आधीच्या मालकाच्या आजोबांच्या फोटोचंही भाडं मागण्यातला प्रकार झाला हा. आणि गंमत बघा, २००५-०६ मध्ये युनियन पॅसिफिकने ६ नवी इंजिनं अशाच गिळलेल्या जुन्या कंपन्यांच्या रंगात रंगवून रुळावर आणली, दिसायला एकदम झकास, पण हा इतिहासाचा मान की ट्रेडमार्क जिवंत ठेवायची युक्ती, अशी शंका हौशी लोकांना आलीच.

खरा त्रास झाला तो छोट्यांना. मोठी कंपनी रॉयल्टी किमतीत चढवून मोकळी होते, म्हणजे शेवटी भरतो आपणच. पण घरच्या एका खोलीत डिकॅल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची नावं-लोगो, छापून विकणारा माणूस अ‍ॅग्रीमेंट, हिशेब आणि वकील कुठून सांभाळणार, त्याला युनियन पॅसिफिकचा मालच बंद करणं सोपं.

अ‍ॅथर्न आणि लायोनेल दोघांनी तडजोड केली. अडून बसली ती एमटीएच, म्हणजे माइक्स ट्रेन हाउस ही आणखी एक मॉडेल कंपनी. तेव्हाच या एमटीएचचं लायोनेलशी डिझाइन चोरीवरून वेगळंच भांडण चालू होतं, २००४ मध्ये ज्युरीने लायोनेलला ४ कोटी डॉलरच्या वर भरपाई ठोठावली होती (पुढे अपिलात तो निकाल फिरला), त्यामुळे बऱ्याच लायोनेलवाल्यांना एमटीएचचं नावही नको असायचं. पण युनियन पॅसिफिकला वाकवलं त्यांनीच. नुसता स्वतःपुरता सौदा न करता सगळ्याच मॉडेलवाल्यांसाठी रॉयल्टी सुटली, हे मला फार मोठं वाटतं.

बाकीच्या सगळ्या रेल्वेंचं मी बोलत नाही, लायसन्स मागणाऱ्या कंपन्या आहेतच. पण पुण्यात बसून युनियन पॅसिफिकचं एचओ (१:८७ मापाचं) इंजिन मागवताना खिसा रिकामा होतो तो कस्टम ड्युटी आणि कुरिअरमध्ये, एकदा त्याच्यावर लिहा की. आणि तेवढी ती दुरुस्ती छापा.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे