आतड्याच्या ऑपरेशनआधी घरातलं दुःखही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आतड्याचं मोठं ऑपरेशन ठरलं की पेशंटच्या हातात तपासण्यांची यादी पडते, रक्त, शुगर, ईसीजी, टूडी इको, छातीचा एक्सरे, भूलतज्ज्ञांची तपासणी, सगळं असतं आणि ते असायलाच पाहिजे. पण ह्या यादीत "तुमच्या घरात इतक्यात कोणी गेलंय का" हा एक प्रश्न कुठेच नसतो. तो असावा, लेखी असावा, आणि त्याचं उत्तर सर्जनपर्यंत पोचावं, ह्यासाठी हे पत्र लिहितेय.

मला गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, कॅन्सर निघाला. आधी रेडिएशन आणि सोबत गोळ्या झाल्या, मग ऑपरेशनपर्यंत मधे थांबावं लागतं, गाठ आक्रसायला वेळ देतात, आणि त्या मधल्या काळातच आमचे हे हार्ट अटॅकने गेले. माझी फाईल हेच सांभाळायचे, कुठला रिपोर्ट कुठल्या कप्प्यात, कुठली गोळी जेवणाआधी, डॉक्टरांना पुढच्या वेळी काय विचारायचं, सगळं ह्यांना पाठ. माझ्या ऑपरेशनची काळजी करणारा माणूसच गेला आणि ऑपरेशन तसंच समोर उभं, अशी अवस्था होती. अशी अवस्था फक्त माझीच झाली असं मी मानत नाही, कारण कॅन्सर बहुतेक उतारवयात होतो आणि त्याच वयात जोडीदार, भाऊ-बहीण, आई-वडील जातात.

सगळ्यात आधी वाद झाला तारखेचा. सुतकात ऑपरेशन नको असं एक म्हणणं, तेरावं झाल्यावर लगेच उरकून टाका असं दुसरं, आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबा, इतकं दुःख आणि वर पोट फाडणं हिला झेपायचं नाही, असं तिसरं. सगळे मायेनेच बोलत होते. पण रेडिएशननंतर हे ऑपरेशन साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या आत करतात, वर्षभर थांबायचा प्रश्नच नसतो. मात्र ह्या सहा ते बारा मधे थोडी जागा असते हे आम्हाला विचारल्यावर कळलं. माझ्या मुलीने सर्जनना स्पष्ट सांगितलं की बाबा गेलेत, आईची झोप उडालीय, तारीख थोडी पुढे घेता येईल का, त्यांनी स्कॅन बघितला आणि घेतली. त्या थोड्या दिवसांत मी निदान दोन वेळ नीट जेवायला लागले. लोकांना वाटतं डॉक्टरांना घरचं काय सांगायचं, त्यांना कुठे वेळ असतो. सांगावं. तारीख हलवता येईल की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण सांगितल्याशिवाय त्यांना तरी कसं कळणार?

जेवणाचा मुद्दा मी मुद्दाम काढला. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात, आणि जिचं माणूस गेलंय ती दोन घास चिवडून ताट बाजूला सारते. एरवी हे कोणी मनावर घेत नाही, थोड्या दिवसांनी भूक परत येते. पण ज्या बाईचं आतडं कापून पुन्हा जोडायचंय तिच्या शरीरात प्रोटीन कमी पडलं, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन खाली गेलं, तर तो जोड नीट भरून न येता गळायचा धोका वाढतो. आतड्याचा जोड गळणं म्हणजे पोटात इन्फेक्शन, कधीकधी पुन्हा ऑपरेशन, जिवावरचं दुखणं. आहारतज्ज्ञ बाईंनी रोज अंडी खा म्हणून सांगितलं होतं आणि आमच्याकडे सुतकात अंडं घरात येत नाही. त्या बाईंना घरात काय झालंय हेच माहीत नव्हतं, माहीत झाल्यावर त्यांनी दूध, पनीर, मुगाचं कढण, डब्यातली प्रोटीन पावडर असं सगळं बदलून लिहून दिलं, पाच मिनिटांचं काम होतं. भेटायला येणाऱ्या बायकांना माझ्या जाऊबाई दारातच सांगायच्या की रडायचं तर रडा पण हिचा दुधाचा पेला संपेपर्यंत उठू नका. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आता पिशवीबद्दल. ह्याच्यावर पेपरात कोणी लिहीत नाही म्हणून मी जरा सविस्तर लिहिते. गुदाशयाच्या ऑपरेशनमधे बऱ्याचदा आतड्याचं तोंड पोटावर आणून ठेवतात, त्याला स्टोमा म्हणतात, त्यावर पिशवी चिकटवायची आणि शौच त्यात जमा होतं. कधी हे तात्पुरतं असतं, खालचा जोड भरून येईपर्यंत, मग दोन-तीन महिन्यांनी किंवा केमो संपल्यावर बंद करतात, आणि गाठ अगदी खाली असेल तर कायमचं. मला पिशवी लागण्याची शक्यता ह्यांना माहीत होती, मला नव्हती. घाबरेल म्हणून सांगितलं नव्हतं, आणि नंतर मुलानेही तेच चालू ठेवलं, की एवढ्यात एवढं दुःख, आणखी हे कशाला. शेवटी नर्सबाई पोटावर खूण करायला आल्या तेव्हा कळलं. ही खूण ऑपरेशनच्या आधी पेशंटला बसवून, उभं करून, वाकायला लावून करतात, म्हणजे पिशवी घडीत येत नाही आणि साडीच्या गाठीखाली, परकराच्या नाडीखाली दबत नाही. म्हणजे हे आधी बोलायचंच असतं, पेशंटला अंधारात ठेवून ते नीट होतच नाही.

मला सगळ्यात जास्त कशाने रडू आलं असेल तर ह्याने, की हे आता बघणार कोण. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात ज्या एका माणसापुढे लाज राहिली नव्हती तोच माणूस गेला. पोरीला कसं दाखवू, सुनेला कसं सांगू, वास येईल का, स्वयंपाकघरात जाऊ का, देवपूजा करू का? हे प्रश्न बायका डॉक्टरांना विचारत नाहीत, पुरुष डॉक्टर असेल तर मुळीच नाही. मी त्या नर्सबाईंना विचारले आणि त्यांनी एकेकाचं उत्तर दिलं. स्टोमा लालभडक आणि ओलसर दिसतो, आपल्या ओठाच्या आतल्या बाजूसारखा, आणि त्याला हात लावला तरी दुखत नाही. पिशवी साधारण एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. आंघोळ पिशवीसकट किंवा पिशवी काढूनही करता येते. हात धुऊन स्वयंपाक करा, देवाला फुलं वाहा, एसटीने पंढरपूरला जा, काही अडत नाही. टाटा मेमोरियलसारख्या हॉस्पिटलमधे ह्यासाठी वेगळं स्टोमा क्लिनिक आहे, मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. पण तालुक्याच्या गावाहून आलेल्या बाईला हे कोणी सांगतच नाही. माझं म्हणणं असं की ज्याला आधीच पिशवी आहे आणि जो कामधंदा करतोय अशा एका माणसाशी तरी ऑपरेशनआधी गाठ घालून द्यावी, फोनवर का होईना. मला एका काकांचा नंबर मिळाला होता, त्यांचीही पत्नी नव्हती, आणि त्यांनी पंधरा मिनिटांत जो धीर दिला तो घरच्या कोणाला देता आला नव्हता.

लपवण्याचा आणखी एक प्रकार मी वॉर्डात बघितला आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. शेजारच्या खाटेवरच्या मावशींचा भाऊ ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गेला होता आणि घरच्यांनी सगळ्यांना बजावलं होतं की ह्यांना कळू द्यायचं नाही. मावशी रोज विचारायच्या, दादाचा फोन कसा नाही आला. रोज नवीन कारण. त्यांना कळलं नव्हतं असं मला अजिबात वाटत नाही, त्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या आणि कोणापुढे रडायचीही सोय नव्हती कारण अधिकृतपणे काही झालंच नव्हतं. ऐन ऑपरेशनच्या सकाळी बातमी सांगा असं मी म्हणत नाही. पण ती कधी, कोणी, कशी सांगायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं, नातेवाईकांनी परस्पर महिनाभराचं नाटक उभं करू नये. वयस्कर माणसं भूल उतरताना कधीकधी गोंधळतात, गेलेल्या माणसाला हाका मारतात, तेव्हाही "खाली चहा प्यायला गेलेत" असं सांगू नये. मी ह्यांना हाक मारली म्हणे. मुलीने माझा हात धरून सांगितलं की आई, बाबा नाहीयेत, मी आहे. मला त्यातलं फारसं आठवत नाही, पण तिने खोटं सांगितलं नाही ह्याचं मला फार बरं वाटतं.

काही गोष्टी हॉस्पिटलला एक पैसा खर्च न करता बदलता येतील. आमचा शिरोळ तालुका, हेरवाड आमच्याच तालुक्यातलं, २०२२ साली त्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि मग सरकारनेही परिपत्रक काढलं, त्यामुळे माझ्या बांगड्या फोडू द्यायच्या नाहीत हे मुलीने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं आणि मंगळसूत्र मी माझ्या मर्जीने ठेवलं होतं. थिएटरला नेण्याआधी एका सिस्टरने घाईघाईत सांगितलं, मंगळसूत्र काढा, बांगड्या काढा. नियम आहे, मला मान्य आहे. पण तिला माहीत असतं तर तिने ते मुलीच्या हातात द्यायला दोन मिनिटं थांबून सांगितलं असतं ना? फॉर्मवर पतीचं नाव, पतीची सही, हे रकानेही तसेच. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या पेशंटची स्वतःची संमती हीच खरी संमती, सुप्रीम कोर्टाने २००८ सालच्या एका निकालात पेशंट स्वतः संमती द्यायला सक्षम असताना तिच्या आईची संमतीसुद्धा चालणार नाही असं म्हटलंय, मग काऊंटरवर "मिस्टरांना बोलवा" हा आग्रह कशासाठी?

कागदपत्रांचं ओझंही दुःखाच्या डोक्यावरच येतं. फॅमिली मेडिक्लेममधे मुख्य नाव ह्यांचं होतं, ते गेल्यावर कंपनीला कळवून नाव बदलून घ्यावं लागतं, त्याला मृत्यूचा दाखला लागतो, मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी लागते, आणि हे सगळं ज्या घरात रडारड चाललीय त्याच घराने करायचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या हॉस्पिटलमधे आरोग्यमित्र असतात, मोठ्या हॉस्पिटलमधे समाजसेवा विभाग असतो, त्यांनी अशा पेशंटचं हे काम आधी हातात घ्यावं. आपणहून विचारावं, पेशंटने शोधत फिरायची वाट बघू नये.

झोपेच्या गोळ्यांचंही सांगायला हवं. घरात कोणी गेलं की शेजारी-पाजारी आपल्याजवळची गोळी काढून देतात, रात्री निदान डोळा लागेल म्हणून. ऑपरेशन जवळ असेल तर अशी कुठलीही गोळी, आयुर्वेदिक काढासुद्धा, भूलतज्ज्ञांना सांगितल्याशिवाय घेऊ नये, आणि घेतली असेल तर लपवू नये. रात्री दोन वाजता मन फार भरून आलं तर टेली मानस म्हणून सरकारी फोन सेवा आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. ऑपरेशनआधी आतडं साफ करायला देतात ते पावडरचं पाणी मी रात्री उशिरापर्यंत पीत होते आणि प्रत्येक वेळी बाथरूममधून बाहेर आले की ह्यांच्या रिकाम्या जागेकडे नजर जायची, त्या रात्री मी फोन केला होता. पलीकडच्या मुलीने उपदेश केला नाही, ऐकून घेतलं.

आणि नातेवाईकांना एक विनंती, ऑपरेशननंतर पेशंट रडली तर "रडू नको, टाके तुटतील" म्हणून तिला गप्प करू नका. खोकताना पोटावर उशी दाबून धरायला शिकवतात, रडतानाही तशीच उशी धरावी, दुखणं कमी होतं. हे मला फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं आणि त्याचा मला खूप उपयोग झाला.

आपल्या पेपरच्या आरोग्य पुरवणीत ह्या विषयावर एखाद्या सर्जनचा, एखाद्या स्टोमा नर्सचा आणि एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाचा लेख यावा अशी माझी मागणी आहे. हॉस्पिटल चालवणाऱ्यांनी हे पत्र वाचलं तर भरतीच्या फॉर्ममधे "गेल्या वर्षभरात घरात कोणाचा मृत्यू झाला आहे का, पेशंटला ते माहीत आहे का" अशा दोन ओळी घालाव्यात. आणि ज्यांच्या घरात अशी ऑपरेशनची तारीख जवळ आलीय त्यांनी फॉर्म बदलायची वाट न बघता पुढच्या तपासणीला हे स्वतःहून सांगावं, फाईलच्या पहिल्या पानावर लिहूनच घ्यावं.

आपली,
एक वाचक, जयसिंगपूर
(नाव छापू नये)