परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र : आधी कोणी द्यायचे?

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,

ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीला आले आणि काबूलमधील आपल्या तांत्रिक कार्यालयाला दूतावासाचा दर्जा देण्याची घोषणा झाली. पाकिस्तान आणि चीन यांच्याकडे पाहता हे दार उघडे ठेवण्याची निकड मला समजते. बोलूच नका, असे सांगण्यासाठी हे पत्र नाही. मात्र बोलण्यांतून उद्या एखादा लेखी समझोता निघाला, तर त्यात आधी कोण देतो आणि नंतर देण्याचे नुसते कबूल कोण करतो, हे पाहावे, एवढ्यासाठी लिहीत आहे.

२९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेने दोह्यात तालिबानशी करार केला, त्यावर अफगाण सरकारची सही नव्हती. तरीही त्या सरकारच्या तुरुंगांतील पाच हजारांपर्यंत तालिबानी कैदी सोडण्याचे कलम त्यात होते. शेजाऱ्याच्या परसातला आंबा परस्पर विकावा, तसा हा व्यवहार! कैदी सुटले, परदेशी सैन्य निघाले, म्हणजे परत न घेता येणारे सारे देऊन झाले. तालिबानकडून यायचे होते ते मुख्यतः आश्वासन: अफगाण भूमी अमेरिकेविरुद्ध वापरू न देण्याचे आणि पुढच्या बोलण्यांचे. स्त्रियांच्या हक्कांविषयी त्या मजकुरात अवाक्षर नाही. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले.

त्या आठवड्यात कोंढव्यातील आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा हेरातचा एक विद्यार्थी आमच्याकडे बसून होता. समोरच्या चहावर साय धरली होती आणि आई शेवटची ऑनलाइन कधी होती, ते तो मोबाइलवर पुनःपुन्हा पाहत होता. त्याची बहीण तेव्हा हेरात विद्यापीठात शिकत होती. डिसेंबर २०२२ मध्ये मुलींना विद्यापीठे बंद झाली. तिच्या ओळखपत्राचे छायाचित्र त्याने जपून ठेवले आहे. त्यावरची मुदत केव्हाच उलटली.

पाकिस्तानने हाच धडा आधी गिरवला होता. फेब्रुवारी २००९ मध्ये वायव्य सरहद्द प्रांताच्या सरकारने तिथल्या तालिबानशी जवळीक असलेले धर्मनेते सूफी मुहम्मद यांच्याशी समझोता करून स्वात भागात शरियत न्यायव्यवस्था मान्य केली, एप्रिलमध्ये राष्ट्रपतींची सही झाली आणि त्याच महिन्यात, शस्त्रे ठेवायची सोडून, तालिबानी शेजारच्या बुनेरमध्ये उतरले. मग लष्कर घुसले आणि वीस लाखांवर माणसे बेघर झाली.

आपणही डिसेंबर १९९९ मध्ये अपहृत विमानातील प्रवाशांच्या बदल्यात कंदहारला तिघा दहशतवाद्यांना सोडले. ओलिसांचे नातेवाईक दारात रडत असताना सरकारने काय करायला हवे होते, हे माझ्यासारख्याने घरी बसून सांगू नये. पण सुटलेल्या मसूद अझहरने काही महिन्यांतच जैश-ए-मोहम्मद ही दहशतवादी संघटना उभी केली, हेही विसरता येत नाही.

याउलट ३० जून १९८६ चा मिझोराम करार पाहा. मिझो बंडखोर नेते लालडेंगा यांच्या संघटनेने भूमिगत माणसे शस्त्रांसह बाहेर आणायची आणि आपली घटना देशाच्या कायद्याशी जुळवून घ्यायची, हे तिथे कागदावर होते आणि तसे घडलेही. घटक राज्य झाले ते त्यानंतर, फेब्रुवारी १९८७ मध्ये. पुढे मुख्यमंत्री झालेल्या लालडेंगांची सत्ता गेली, तेव्हाही बंदुका पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

म्हणून विनंती अशी की, तालिबानशी होणारा कोणताही समझोता सहीपूर्वी संसदेच्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीपुढे ठेवावा आणि भारतात प्रवेश मिळालेल्या अफगाण मुलींना तिकडून निघू देण्याची अट त्यात पहिली असावी. ऑगस्ट २०२३ मध्ये शिष्यवृत्तीवर दुबईला निघालेल्या मुलींना काबूल विमानतळावरूनच माघारी पाठवण्यात आले होते. वरच्या मजल्यावरच्या मुलाने बहिणीसाठी पुण्यातील प्रवेशाची माहितीपत्रके आणून ठेवली आहेत. अर्ज भरावा की नाही, हे तो मला विचारतो.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
कोंढवा, पुणे