अर्ज टाकण्याआधी

मच्छे, बेळगाव
रविवार, रात्री

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई, तू एकदम गप्प झालीस. मला वाटलं पावसानं रेंज गेली. जांबोटीच्या पलीकडं मिरग लागला की तसंही निम्मं बोलणं वाटेतच राहतं. पण मागं कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता, म्हणजे फोन चालू होता आणि तूच बोलत नव्हतीस. मग म्हणालीस, "आपल्याच बायकांवर हुकूम चालवणार काय गे तू?" आणि फोन बाबांच्या हातात दिलास. बाबा म्हणाले, "बघ तुझं तू." एवढ्यावर मला झोप येईना. फोनवर मला हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते. हे आणि बाळ केव्हाच झोपलेत. पत्र बाबांनी वाचून दाखवावं, पण मधलं काही गाळू नये.

गोष्ट अशी आहे. आमच्या फौंड्रीतल्या कोअर शॉपच्या सुपरवायझरबाई महिनाअखेर नोकरी सोडून पुण्याला जाणार. बाहेरून माणूस घेण्याआधी आतल्यांनी अर्ज करावेत, अशी नोटीस लागली आहे. पीयूसी, म्हणजे बारावी, पास आणि 8 वर्षांचा अनुभव पाहिजे. माझी 11 वर्षं झाली. शॉपमध्ये आम्ही 14 बायका, त्यात या दोन्ही अटींत बसणारी मी एकटीच. शुक्रवार शेवटचा दिवस आहे. अर्ज लिहून डब्याच्या पिशवीत ठेवलाय, अजून दिलेला नाही.

आई, मी नेमकं काय करते ते तुला कधी धड सांगितलंच नाही. पहिल्या वर्षी घरी आले तेव्हा तू माझ्या केसांचा वास घेऊन विचारलंस, "बाजारात मासे खाल्लेस काय?" तो मासळीचा नव्हता, कोअर घट्ट करायला जो गॅस सोडतात त्याचा होता. पंप असो, व्हॉल्व असो, त्याच्या आत पोकळ वाटा असतात. लोखंड ओतताना त्या पोकळीच्या जागी वाळूचा गाभा ठेवावा लागतो, तोच कोअर. 1,400 अंशांच्या आसपासचं लोखंड त्याच्या भोवतीनं भरतं, निवतं, मग आतली वाळू फोडून झाडून काढतात. आम्ही जे एवढं निगुतीनं करतो ते शेवटी फोडायचंच असतं. उद्यमबाग, मच्छेच्या फौंड्र्यांतून जो माल देशभर जातो, त्याच्या पोटातली प्रत्येक वाट अशी कुणाच्या तरी हातातून गेलेली असते, आणि आमच्याकडं ते हात बायकांचे आहेत. मशीनमधून निघालेल्या कोअरची कड घासायची, चीर गेली आहे का बघायची, दोन तुकडे जुळवायचे, काळा रंग द्यायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा. बोटं एवढी सरावतात की कच्चा कोअर उचलल्याबरोबर कळतो.

पावसाळ्यात आमचं काम सगळ्यात अवघड. हवेतली ओल कोअर पिऊन घेतो. ओला कोअर साच्यात गेला की लोखंड पडताच त्याची वाफ होते, वाफ वाट शोधते, आणि आत भोकं पडतात. वरून काही दिसत नाही. गिऱ्हाइकाकडं मशीनवर कापायला घेतलं की मग भोक उघडं पडतं.

गेल्या श्रावणात असंच झालं. कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. एका पाळीत ओव्हन मध्येच बंद पडला होता. त्या दिवशीचे साठ-सत्तर कोअर नीट वाळले नव्हते. आमच्यातल्या एकीला लवकर घरी जायचं होतं, पोर तापानं फणफणलं होतं. तिनं ते तसेच ट्रॉलीत भरून पुढं पाठवले. मी बघितलं. मला कळलंही. पण तिनं माझ्याकडं बघितलं आणि मी मान फिरवली. तीन आठवड्यांनी माल परत आला. चौकशी झाली आणि दोष मोल्डिंगवर, म्हणजे साचे करणाऱ्यांवर, गेला. तिथल्या एका कंत्राटी पोरावर "वाळूत पाणी जास्त घातलं" असं आलं आणि त्याला दुसऱ्या दिवसापासून गेटवरूनच परत पाठवलं. घटप्रभेकडचा पोरगा, विशीतला असेल. मला रोज "अक्कारी" म्हणायचा. चौकशीत आम्हालाही विचारलं होतं. मी म्हणाले, कोअर बरोबर होते.

बाबा, हे मी मैत्री म्हणून केलं. तिनंही माझ्यासाठी किती वेळा केलंय. बाळाच्या वेळी मला ओकाऱ्या होत होत्या, तेव्हा माझ्या वाटणीचं काम तीच ओढायची. अशा उसनवारीवरच आमचं शॉप चालतं आणि ती मला तोडायची नाही. पण त्या पोराची कुणाशी उसनवारी नव्हती. आमच्या सांभाळून घेण्याची किंमत त्यानं भरली. तेव्हापासून मनात आहे की कुणीतरी असं पाहिजे, ज्याला ओव्हन बंद पडला तर माल थांबवायचा अधिकार असेल आणि त्याच वेळी ताप आलेल्या पोराच्या आईला घरी पाठवायची बुद्धीही असेल. आताच्या बाई चांगल्या आहेत, पण त्या कोअर हातात घेत नाहीत. त्या कागद बघतात. बाहेरून नवीन माणूस आला तर तोही आधी कागदच बघेल. मला कोअर कळतो आणि कुणाच्या घरी काय चाललंय तेही कळतं. म्हणून अर्ज करावासा वाटतो. खुर्ची मिळते म्हणून नाही, आई.

आता अक्काचं सांगते. सौंदत्तीकडची, जिच्याकडून मी काम शिकले, दसऱ्याला तुम्हाला पाया पडायला आली होती तीच. 19 वर्षं झाली तिला. खरी मानकरी ती. पण कन्नड सातवीपर्यंत शिकलीय आणि रिजेक्शनचा रिपोर्ट इंग्रजीत भरावा लागतो. नोटीस लागली त्या दिवशी आम्ही दोघी एकाच बाकावर डबा खात होतो आणि दोघींनी त्या भिंतीकडं बघायचं टाळलं. तिच्या पाठीमागं अर्ज द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. गुरुवारी बसस्टॉपपर्यंत चालत जाताना सांगितलं. ती पुष्कळ वेळ बोललीच नाही. पिरनवाडीची बस आली, गेली. मग म्हणाली, "मला लिहिता आलं असतं तर मीच भरला असता गे." एवढं साफ बोलली. आणि पुढं, "हाकव्वा." टाक बाई, असं.

शुक्रवारी ती माझ्याशेजारी जेवायला बसली नाही. शनिवारी बसली, पण शेंगाचटणी पुढं केली नाही. मी याचा काही अर्थ काढायला गेले नाही. तिला वाईट वाटायचा हक्क आहे. माझी निवड झाली तर तिची रजा मी मंजूर करणार, तिच्या चुकीवर मी सही करणार. जिनं माझा हात धरून घासणी कशी फिरवायची ते दाखवलं तिच्यावर! हे लिहितानाही कसंतरी होतं. मला एकच सुचलंय. साहेबांना विचारणार आहे की नवीन पोरींना शिकवायचं काम रीतसर तिच्या नावावर लावा आणि त्याचे पैसे वेगळे द्या. ते मानतील की नाही सांगता येत नाही, पण मुलाखतीतच विचारणार. नंतर विचारलं तर ते मैत्रिणीची सोय केल्यासारखं दिसेल.

मुलाखतीत कन्नडमध्ये विचारतील याची मात्र मला भीती उरलेली नाही. पहिल्या वर्षी "नीर" म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. आता आमच्या शॉपमध्ये निम्म्या बायका मराठी, निम्म्या कन्नड, आणि भांडण तर आम्ही दोन्ही भाषांत मिसळूनच करतो. गावात 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात, इकडं त्याच दिवशी कन्नड राज्योत्सवाची मिरवणूक असते, आणि 2 तारखेला आम्ही पुन्हा एकाच ट्रॉलीला हात लावून असतो. एक ठरवलंय, कामाची सूचना दोन्ही भाषांत सांगायची. एका भाषेत सांगितलं की दुसरीकडच्या बायकांना वाटतं, आपल्याला उरलंसुरलं मिळतं.

पैशाचं बाबांनी विचारलं नाही, पण सांगायला पाहिजे, कारण त्यात तुमचाही भाग आहे. आता ओव्हरटाइम धरून 19,500 पर्यंत हातात येतात. नवीन जागेला 23,500 म्हणतात. पण स्टाफमध्ये गेलं की ओव्हरटाइमचा दुप्पट दर बंद, म्हणजे वाढ दिसते तेवढी नाही. आणि पगार 21,000 च्या वर गेला की ईएसआयमधून, म्हणजे कामगार विम्यातून, नाव जातं. चालू सहामाही सप्टेंबरअखेर संपेपर्यंत वर्गणी कापतील, तिचा लाभ पुढं काही महिने मिळतो, मग संपलं. बाबा, तुमच्या बीपीच्या आणि गुडघ्याच्या गोळ्या माझ्या त्या कार्डावर येतात. मोठ्या दवाखान्याची वेळ आली तर तुमच्या बीपीएल कार्डावर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमधून 5 लाखांपर्यंत होतं. महिन्याच्या गोळ्यांचं तसं नाही. म्हणून त्यासाठी दर महिन्याला 1,500 वेगळे काढायचे, असं आमचं दोघांचं ठरलंय. "आम्हाला नको" म्हणू नका. गोळी अर्धी करून खाण्याची तुमची सवय मला माहीत आहे.

आता मुख्य विचारायचं ते.

आई, तू कशानं गप्प झालीस ते मला नंतर कळलं. तुला डेअरी आठवली. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. बाबा गावच्या दूध डेअरीत सेक्रेटरी होते आणि काकाच्या कॅनमध्ये लॅक्टोमीटर घातला तर आकडा 22 पर्यंत खाली आला, म्हणजे दुधात पाणी. ओळीत सगळा गाव उभा. बाबांनी एकदा हलवून पुन्हा घातला, पुन्हा 22. "आण्णा, हे घेता येत नाही," एवढंच म्हणाले. काकानं कॅन तिथंच ओतला. दूध आपल्या उंबऱ्यापर्यंत वाहत आलं होतं. त्यानंतर दोन वर्षं त्यांच्या घरचं कुणी आपल्या दारात आलं नाही. बेंदराला बैलं समोरून गेली तरी ते दुसरीकडं बघायचे. तू विहिरीवर एकटी जायचीस, काकू येऊन गेल्यावर. गणपतीत पुढं बोलणं सुरू झालं खरं, पण पहिल्यासारखं काही झालं नाही. तुला वाटतं माझंही तसंच होईल, आणि होईलही.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. ओट्यावर बसून होते, मी पाणी दिलं तर घेतलं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे डेअरी उघडायला गेले, आणि ओळीत पहिला उभा राहिलेल्या माणसाच्या दुधातही लॅक्टोमीटर घातला. हे मला आठवतं, कारण मी किटली घेऊन मागं होते.

तुम्ही त्याबद्दल कधी बोलला नाहीत, बाबा. मला ते पाहिजे आहे. ती दोन वर्षं तुम्ही कशी काढलीत? काका ओळीत उभा राहिला नाही, दूध दुसऱ्या गावाला नेऊ लागला, तेव्हा तुम्हाला कधी वाटलं का की त्या दिवशी त्या आकड्याकडं डोळेझाक केली असती तर बरं झालं असतं? कधी त्याच्या घरी समजवायला गेला होता का, आईला न सांगता? आणि आई, तू विहिरीवर एकटी जात होतीस त्याचा बाबांवर राग होता का? तेव्हाही तू गप्पच असायचीस. होता तर तसं लिही, मला वाईट वाटणार नाही. हे कुठल्या साहेबाला विचारून मला कळणार नाही.

पैऱ्याचा विचार मी खूप केला. लावणीला ज्याचं शेत त्या दिवशी त्याचा शब्द, उद्या तोच दुसऱ्याच्या चिखलात वाकलेला. म्हणून कुणाला कुणाचं लागत नाही. माझ्या जागेला तसं नाही. तिथं पाळी फिरून येणार नाही, मी कायम बांधावरच. फक्त माझं ठरलंय, निवड झाली तरी रोज पहिला एक तास घासणी घेऊन बसायचं, बाकावर, सगळ्यांत. साहेबांना आवडलं नाही तरी.

मंगळवारपर्यंत उत्तर लिहून जांबोटीच्या शिक्षकांकडं द्या, ते बुधवारी बेळगावला येतात. नाहीतर आई, तूच ये. सरकारी बसला तुला तिकीट पडत नाही, आधार कार्ड तेवढं घे. 2023 पासून ती सोय आहे आणि तू दोनदाच आलीस. बुधवारी आलीस तर गुरुवारी सकाळी मी जाईपर्यंत बोलता येईल. तुमचं उत्तर काहीही असलं तरी अर्ज मी शुक्रवारी देणार आहे, हे लपवत नाही. पण तुमचं ऐकून द्यायचा आहे.

लावणी कुठल्या आठवड्यात धरली आहे तेही कळवा. रजा आत्ताच टाकून ठेवते, दोन दिवस. बाबांनी गुडघ्याला घेऊन चिखलात उतरायचं नाही, त्यांची पाळी मी करीन. पलीकडच्या वाड्यातल्या काकूला सांगा, माझं नाव धरा म्हणून.

बाळाला आजीच्या हातची घावनं पाहिजेत. फणस पिकला असेल तर गरे पाठवा, एक वाटा अक्कासाठी वेगळा बांधून.

आपली लेक