आयटीआयमधल्या मुली ट्रेडनुसार मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयटीआयचे प्रवेश आटोपले की संस्थेत मुली किती, याचा एकच आकडा पुढे येतो. तो फसवा आहे. समजा, एका संस्थेत शिवणकाम या ट्रेडच्या, म्हणजे अभ्यासक्रमाच्या, २०, कॉस्मेटोलॉजीच्या (सौंदर्योपचार) २४, कोपाच्या (संगणक चालवण्याचा ट्रेड) २४ आणि फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियनच्या प्रत्येकी २० जागा आहेत. पहिल्या दोन ट्रेडना सगळ्या मुली, कोपाला निम्म्या, तर १६८ पैकी ५६ मुली झाल्या. मुलींचे ३० टक्के आरक्षण पूर्ण होऊन वर उरले, आणि पाच वर्कशॉपमध्ये मुलगी एकही नाही! नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांना तर याच पाच ट्रेडची माणसे लागतात.

२० च्या तुकडीत मुलींच्या वाट्याला ६ जागा येतात. त्या भरल्या नाहीत की त्याच प्रवर्गातल्या मुलांकडे जातात. त्या रिकाम्या का राहिल्या, हे कोणी लिहून ठेवत नाही. 'मुलींना फिटरचे काम झेपत नाही' हे उत्तर आम्हाला मान्य नाही. बेंच व्हाइसच्या (टेबलाला बसवलेल्या शिकंजाच्या) जबड्याचा माथा काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला हवा. तो उंच असला तर खांदे वर ओढले जातात, कानस आडवी सरळ चालत नाही, जॉबच्या (घासायच्या तुकड्याच्या) कडा गोल होतात आणि गुण कापले जातात. पायाखाली आठ-दहा सेंटिमीटरचा भक्कम लाकडी पाट दिला तर हे टळते. बुटक्या मुलांनाही तो तितकाच लागतो. बॉयलर सूट आणि सेफ्टी शूज लहान मापात मागवायला हवेत. ढगळ बाही लेथवर जिवावर बेतू शकते, आणि वेल्डिंगच्या ठिणगीपुढे सिंथेटिक ओढणी नकोच. कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह वर्कशॉपजवळ हवे.

वयाबद्दलही गैरसमज आहे. प्रवेशाला किमान वय १४ आहे, कमाल मर्यादा नाही. वेल्डर आणि वायरमनला आठवी पास चालते. पस्तिशीच्या बाईलाही हा रस्ता मोकळा आहे, पण हे तिला सांगणार कोण? शाळा सोडून वीस वर्षे झालेल्यांचे हात चांगले चालतात. अडते ते ड्रॉइंग आणि वर्कशॉप कॅल्क्युलेशनला. पहिले दोन महिने रोज अर्धा तास जादा घेतला तर ही अडचण बरीच दूर होईल. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, त्यामुळे दुसऱ्या पाळीचे (शिफ्टचे) वर्ग सुटल्यावर घरी जायला एसटी नसेल तर नाव पटावर राहूनही वर्ष वाया जाते.

आदिवासी मुलींचे गणित वेगळे आहे. आदिवासींच्या आरक्षणाचे, २० जागांचे ७ टक्के म्हणजे १.४, आणि त्यातला मुलींचा वाटा अर्धी जागाही नाही. इथे एका तुकडीचा आकडा काहीच सांगत नाही. संपूर्ण जिल्ह्याचा एकत्र पाहावा लागेल. रामटेक तालुक्यातल्या देवलापारकडच्या आदिवासी मुलीचा प्रवेश तर वसतिगृहातल्या खाटेवरच ठरतो.

म्हणून आमची मागणी आहे की ट्रेड, पाळी, प्रवर्ग, मुलगा-मुलगी आणि वयोगट एकाच तक्त्यात मांडावेत. हा तक्ता प्रवेशावेळी, सहा महिन्यांनी आणि निकालानंतर असा तीनदा भरावा, आणि पुढच्या प्रवेशफेरीआधी प्रत्येक संस्थेच्या फलकावर लावावा.

आपले,
काही निवृत्त शिल्प निदेशक (आयटीआयचे प्रशिक्षक), नागपूर