अर्जाची तारीखच हरवते, मग बेरोजगारी भत्ता मिळणार कोणाला?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

कापसाची उलंगवाडी (शेवटची वेचणी) झाली की आमच्या भागातील शेतमजुरांच्या हाताला पेरणीपर्यंत काम उरत नाही. हे तीन-चार महिने निभावता यावेत म्हणून रोजगार हमीचा कायदा आहे, आणि मागूनही काम मिळाले नाही तर बेरोजगारी भत्ता द्यावा, असे त्याच कायद्यात लिहिले आहे. हा भत्ता मागताना आम्हाला जो अनुभव आला, तो आपल्या वाचकांपुढे आणि अधिकाऱ्यांपुढे यावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या कलम ७ नुसार, अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर त्या कुटुंबाला पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यानंतर किमान निम्म्या दराने रोजचा भत्ता मिळायला हवा. राज्यात १ एप्रिल २०२५ पासून मजुरीचा दर रोज ३१२ रुपये झाला, म्हणजे भत्ता सुरुवातीला ७८ रुपये आणि पुढे १५६ रुपये होतो. रोजच्या ७८ रुपयांनी काय होणार, असे शहरातील वाचकाला वाटेल. पण तीस दिवसांचे २,३४० रुपये हाती आले तर किराण्याची उधारी फिटते, आणि मुलांना शाळेतून काढून परमुलखात जावे लागत नाही.

आमच्या वस्तीतील चौदा बायकांनी ३ मार्च २०२५ रोजी कामाची मागणी केली. मी बारावीपर्यंत शिकलेली असल्यामुळे नमुना ४ चे, म्हणजे काम मागण्याचे, अर्ज मीच भरून दिले. ग्रामपंचायतीत या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या रोजगार सेवकांनी अर्ज हातात घेतले आणि म्हणाले, ‘ताई, ठेवून जा, काम निघालं की नोंदवतो.’ पोच मागितली तेव्हा पोचेचे पुस्तक पंचायत समितीत जमा असल्याचे कळले. आम्ही दोनदा परत गेलो आणि तिसऱ्या वेळी एका कोऱ्या कागदावर सही मिळाली, परंतु तिच्याखाली तारीख नव्हती. तारीख लिहून द्या असे मी म्हटल्यावर ते गप्प बसले. त्यांचा मला राग नाही. तुटपुंज्या मानधनावर राबणारा तो माणूस वरून आलेल्या तोंडी सूचनेपुढे काय करणार?

प्रत्यक्ष काम १७ एप्रिलला सुरू झाले. मग पंधरा दिवसांनंतरच्या काळाचा भत्ता मिळावा म्हणून आम्ही अर्ज केला, तेव्हा संगणकावरील नोंद आम्हाला दाखवण्यात आली. त्या नोंदीत आमच्या चौदाही जणींची मागणी १५ एप्रिलची होती. म्हणजे कागदोपत्री आम्ही काम मागितले आणि दोनच दिवसांत ते आम्हाला मिळाले! महिनाभराहून अधिक काळ आम्ही ज्या कामाची वाट पाहिली, ती वाट नोंदीतून पूर्ण पुसली गेली होती.

भत्त्याचा सगळा हक्क एका तारखेवर उभा आहे आणि ती तारीख लिहिण्याचे काम ज्या यंत्रणेकडे आहे, तिच्यावरच काम न दिल्याचा ठपका येणार असतो. त्यात २००५ च्या कायद्यानुसार मजुरीचा पैसा केंद्राकडून येतो, तर बेरोजगारी भत्ता कलम २२ नुसार राज्य सरकारला स्वतःच्या तिजोरीतून द्यावा लागतो. त्यामुळे काम निघेपर्यंत मागणी नोंदवायचीच नाही, अशी रीत पडून गेली असावी, असे मला वाटते. महाराष्ट्राला हे शोभत नाही. देशात रोजगार हमी सुरू होण्याच्या कितीतरी आधी विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रयत्नातून आपल्या राज्यात ही योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि तिच्या खर्चासाठी पगारदारांवर १९७५ पासून व्यवसाय कर बसवण्यात आला. तो कर आजही पगारातून कापला जातो. माझी आई लग्नानंतर पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती; काम मागायला गेले की मस्टरवर नाव चढायचे, असे ती सांगते.

२००५ च्या कायद्यातील कलम ९ चा जाच आणखी वेगळा आहे. काम दिल्यावर मजूर हजर झाला नाही तर त्याला तीन महिने भत्ता मागता येत नाही. आमच्या चौदा जणींपैकी पाच जणी वाट पाहून थकल्या आणि होळीनंतर मुलाबाळांसह तेलंगणात मिरची तोडायला गेल्या. १७ एप्रिलच्या कामावर त्या गैरहजर दाखवल्या गेल्या आहेत. काम वेळेवर मिळाले नाही म्हणून ज्यांना गाव सोडावे लागले, त्यांनीच काम नाकारले असे आता सरकारी कागद म्हणतो. त्यांपैकी एकीचा मुलगा चौथीत आहे आणि त्याची वार्षिक परीक्षा बुडाली.

माझी मागणी मोठी नाही. अर्ज ज्या दिवशी हातात पडेल त्याच दिवशी तारखेसह पोच द्यावी आणि संगणकावर तीच तारीख चढवावी. ग्रामपंचायतीत अर्ज घेतला नाही तर तो पंचायत समितीत किंवा तहसील कार्यालयात देता येतो, हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून सांगावे, कारण आमच्यापैकी एकीलाही ते ठाऊक नव्हते. सामाजिक अंकेक्षणात, म्हणजे गावासमोर होणाऱ्या योजनेच्या तपासणीत, मस्टर तपासतात, तसे कागदावरचे अर्ज आणि संगणकातील मागणीच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून तपासाव्यात. राज्याच्या रोजगार हमी आयुक्तांचे कार्यालय नागपुरात, म्हणजे विदर्भातच आहे. त्यांनी एखाद्या तालुक्यातील मार्च महिन्याचे अर्ज मागवून पाहिले तरी मी काय म्हणते ते त्यांच्या लक्षात येईल.

ज्या भगिनींना पुढील वर्षी अर्ज करायचा आहे त्यांना एवढेच सांगते की, पोच मिळत नसेल तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती जॉब कार्डात जपून ठेवा. आम्ही तक्रार अशीच टपालाने पाठवली, त्यामुळे ती मिळालीच नाही असे कोणी म्हणू शकलेले नाही. तक्रारीचा निकाल सात दिवसांत लावावा, असे कायदा सांगतो. आमची तक्रार कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे, म्हणजे तालुक्यात ही योजना पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, पोचल्याला आज २३ दिवस झाले असून अजून उत्तर आलेले नाही.

आपली,
एक शेतमजूर वाचक,
जि. चंद्रपूर