‘जीसीएस सात’ एवढेच सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मेंदूला मार लागलेल्या रुग्णाचे नातेवाईक अतिदक्षता विभागाच्या दाराशी ताटकळत असतात आणि शुद्ध किती आहे हे मोजणाऱ्या ‘ग्लासगो कोमा स्केल’चा, म्हणजे जीसीएसचा, एकच आकडा त्यांना ऐकायला मिळतो : ‘जीसीएस सात आहे.’ पंधरापैकी सात म्हणजे जवळपास निम्मे, असा हिशेब करून ती माणसे जरा सावरतात. अतिदक्षता विभागात परिचारिका असताना मीही अनेक वर्षे हा आकडा असाच सांगितला. त्याची खंत वाटते.

टीसडेल आणि जेनेट या मेंदूशल्यचिकित्सकांनी १९७४ मध्ये ग्लासगोत ही मोजपट्टी तयार केली. आता तिच्यात डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४, बोलण्याला ५, हालचालीला ६ गुण. प्रत्येकात किमान १ गुण असतोच, म्हणून काहीच प्रतिसाद नसला तरी बेरीज ३ भरते, शून्य नव्हे! आणि घशात नळी असलेला रुग्ण बोलणार कसा? तिथे ‘तपासता आले नाही’ असे लिहायला हवे. पण पुष्कळदा १ गुण टाकून बेरीज पुरी केली जाते. त्यात गुंगीचे औषध चालू, पापण्या सुजून मिटलेल्या.

एका रुग्णाची पत्नी रोज म्हणायची, ‘सिस्टर, हे माझ्याकडे बघतात हो.’ ‘रिफ्लेक्स असेल’, म्हणजे आपोआप होणारी हालचाल असेल, म्हणून आम्ही पुढच्या खाटेकडे वळायचो. एके दिवशी फिजिओथेरपिस्टने त्यांच्या चेहऱ्यासमोर आरसा धरला आणि सावकाश सरकवला. नजर आरशामागून डावीकडे गेली, मग उजवीकडे. तोवर आम्ही फक्त बोट हलवून पाहत होतो. बोटामागे न जाणारी नजर स्वतःच्या चेहऱ्यामागे जाऊ शकते, म्हणून तर सीआरएस-आर या शुद्धीच्या सविस्तर तपासणीत आरसा वापरतात. ती बाई मात्र पहिल्यापासून खरे सांगत होती.

हे एकट्यादुकट्याचे नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सांगितलेली कृती न करणाऱ्या २४१ रुग्णांची एमआरआय, ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद) किंवा दोन्हींनी तपासणी झाली. ‘मूठ उघडा-मिटा असे मनात आणा’ अशा सूचनांना त्यांतल्या ६० जणांच्या मेंदूने प्रतिसाद दिला होता. शरीर मात्र हलले नव्हते.

अशी यंत्रतपासणी सगळीकडे शक्य नाही, हे मी जाणते. पण तिन्ही गुण वेगवेगळे सांगणे, काय तपासता आले नाही आणि गुंगीचे औषध कधी दिले होते ते सांगणे, हे तर कुठेही जमेल. जाग दिवसभर सारखी नसते, त्यामुळे एका तपासणीवर निकाल देऊ नये. आणि घरचे माणूस ‘हे बघतात’ म्हणाले, तर ती वेळ चार्टवर लिहावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, आरसा घेऊन, पुन्हा तपासावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका